पाठीवरचं नाव

आपण मळ्यात नाही, गावात उभे आहोत, हे गेणबाच्या आवाजाला कधी कळलंच नाही. निमोण्याहून शिरूरच्या बाजाराला आला, मेथीच्या चार जुड्या विकल्या, आणि भर दुपारी गल्लीच्या तोंडाशी उभा राहून त्यानं हाळी दिली, "नकुशीचं घर कुठलं हो? आमच्या निमोण्याची नकुशी!" गिरणीवाल्यानं पिठाचं डोकं हलवलं. शिंप्यानं मशीन थांबवून सांगितलं, हितं नकुशी-बिकुशी कुणी न्हाई. अंगणात बाजेवर धोतर पसरून सगुणाबाई आणि तिची शेजारीण मालनबाई कुरडया घालत होत्या. "फुडल्या गल्लीत इचारा बाबा," सगुणाबाई तिथूनच म्हणाली. मालनबाईनं मान वर केली नाही. पहिल्या हाकेलाच तिची पाठ आक्रसली होती, अंगावर कुणी गार पाणी टाकावं तशी. गेणबा चुलता आहे, आपल्यालाच हाका मारतो आहे, हे तिला कळलं होतं. गप्प राहिलं तर म्हातारा पुढं जाईल, पुढच्या गल्लीत ओरडेल, कंटाळून एस.टी. धरेल. तिनं सोऱ्या आणखी जोरानं दाबला. पण म्हातारपणी गेणबाचे कान गेले होते, डोळे गेले नव्हते. "ही काय बसलीय! ए नकुशे, बहिरी झालीस व्हय?" असं म्हणत तो अंगणात आला आणि दोन्ही बायांच्या मध्ये उकिडवा बसला. "निवृत्तीला पोरगी झाली. तिसरी. तुझी आई रंभा म्हणली, बारशाला दौंडला ये. आत्याच तू, नाव तुलाच ठेवायचं. आन् काय ठेवायचं ते तुला सांगाया नगंच, म्हणली." एवढं सांगून तो मनापासून हसला. त्याच्या मते निरोपात हसण्यासारखंच होतं.

गेणबा चहा पिऊन गेला. सगुणाबाई कुरडईचं वेटोळं नीट करत म्हणाली, "नकुशी व्हय? कवा बोलला न्हाईत ते." मालनबाई म्हणाली, ल्हानपनीचं हाय. "असंल असंल. आमच्या माहेरी एका म्हशीचं नाव हुतं नकुशी. दूध मातर लई द्यायची." यात सगुणाबाईचा काही वाकडा हेतू नसावा. पण मालनबाईनं वीस-एक वर्षं या गल्लीत एक बाई उभी केली होती. तिच्या पापडाला फोड येत नाही, तिच्या घरातलं भांडण दाराबाहेर येत नाही, तिच्या नवऱ्याचं, सोपानराव घावट्यांचं सायकलचं दुकान आहे आणि तिचा मुलगा पिंपरीला कंपनीत आहे. लोक तिला मालनबाई म्हणत, अहो-जाहो करत. आता त्या बाईशेजारी एक म्हैस येऊन बांधली गेली होती.

मालन हे नाव तिला लग्नात मिळालं. सासूनं ताटात तांदूळ पसरले आणि सोपानरावांनी अंगठीच्या टोकानं त्यात काहीतरी कोरलं. तिला वाचता येत नव्हतं. शेजारच्या करवलीला तिनं हळूच विचारलं, काय काढलंय? करवली म्हणाली, मालन. तेव्हा तिला इतकं हलकं वाटलं की मांडवात हसू येऊ नये म्हणून तिनं पदर दातात धरला. पहिलं नाव काय होतं हे सोपानरावांनी कधी विचारलं नाही. ठाऊक असणारच, पण विचारलं नाही, यालाच ती नवऱ्याची माया समजत आली होती. ताटातले तांदूळ दुसऱ्या दिवशी शिजवून सगळ्यांनी खाल्ले. मालन तिच्या पोटात गेली आणि नकुशी निमोण्याला राहिली, असा तिनं हिशेब केला होता. माणूस स्वतःची समजूत घालायला बसला की सावकारापेक्षा चोख हिशेब करतो.

निमोण्याला ती तिसरी मुलगी. थोरल्या दोघींना नावं मिळाली. तिच्या वेळेला आई, रंभा, सुईणीला म्हणाली होती, आता नको. तेच नाव झालं. देवाच्या कानावर रोज चार वेळा घातलं की नको, नको, तर कधीतरी तो ऐकेल, असा त्यातला विचार. देवानं ऐकलंही. तिच्या पाठीवर निवृत्ती आला. मुलीच्या पाठीवर मुलगा झाला की तिच्या पाठीवर गूळ फोडतात, तसा तिच्याही फोडला. तेव्हा ती एवढीशी असणार, तिला आठवायचं काही कारण नाही, पण तिला आठवतं. दोन्ही खांद्यांच्या मधोमध बसलेला धपका, मग गुळाचा वास, घामानं पाझरून कमरेपर्यंत आलेला चिकट ओघळ, आणि आईचा हात. आई हसत होती आणि तिच्या पाठीवरचे गुळाचे खडे वेचून बायांना वाटत होती. आईचा हात त्यानंतर तिच्या पाठीवर फिरल्याचं तिला आठवत नाही. चापट म्हणून पडला असेल, त्याला फिरणं म्हणत नाहीत.

निवृत्तीला शाळेत पोचवायचं काम तिचं. शाळा देवळाच्या ओवरीत भरायची. ती बाहेर पायरीवर त्याच्या चपला सांभाळत बसायची. आत मास्तर हजेरी घेत. निवृत्ती नवले, असं ते एका दमात म्हणत आणि म्हणताना त्यांनाही गोड लागायचं, कारण इतर नावं ते उरकायचे आणि हे म्हणायचे. तपासणीला आलेल्या साहेबांनी एकदा ते नाव ऐकून मान डोलावली. "वा! निवृत्ती नवले. काय नाव जुळलंय!" म्हणाले आणि त्याला पुढं बोलावून कविता म्हणायला लावली. तिथून पोराचं डोकं फिरलं ते फिरलंच. आपलं जे काही बरं झालं ते या दोन न-मुळं, असं त्याच्या मनानं घेतलं. पुढं त्याला दौंडला रेल्वेत नोकरी लागली आणि आवाज चांगला म्हणून लाउडस्पीकरवर गाड्या पुकारायचं काम मिळालं, तेव्हा तर खात्रीच पटली. कवठे येमाईची ताईबाई त्याच्याशी लग्न करून आली, तिची त्यानं निर्मला केली. थोरली मुलगी नलिनी, धाकटी नंदिनी. नाव ठरवायच्या आधी तो एका कानावर तळहात ठेवून ते आडनावासकट मोठ्यानं पुकारून बघायचा. मुलासाठी नरेश हे नाव त्यानं लग्नाच्या आधीपासून राखून ठेवलं होतं, आणि घरी पाहुणा आला की त्याला ते ऐकवत असे. या सगळ्यात नकुशी हे नावही न-चंच आहे, हे त्याच्या कधी ध्यानात आलं नव्हतं. तिच्याही नाही. त्या नावापुढं कुणी कधी आडनाव लावलंच नव्हतं. हजेरीत नाव असतं तर लागलं असतं. नकुशे, चपला आण. नकुशे, शेण काढ. यात आडनावाला जागा कुठं असते?

बारशाच्या आदल्या दिवशी ती दौंडच्या एस.टी.त बसली तेव्हा तिचं मन ठरलं होतं. आत्यानं पाळण्यात वाकून कानात सांगितलं आणि मग मोठ्यानं म्हटलं की ते नाव झालं. मग आईला नाही फिरवता येत, बापाला नाही, देवालाही नाही. एवढा एक अधिकार बाईला असतो आणि तो या खेपेला आपल्याकडं आहे, या विचारानं ती बाकावर ताठ बसली होती. न्हावऱ्याला गाडी थांबली. उसाचा रस विकणारा खिडकीखालून घुंगरं वाजवत गेला. तिनं ओठांतल्या ओठांत नावं घोळवायला सुरुवात केली. नीता. नूतन. नयना. नयना म्हटल्यावर जीभ जरा तिथं रेंगाळली. नयना नवले. शेजारची बाई आदरानं सरकून बसली, तिला वाटलं जप चाललाय. भीमेच्या पुलावर गाडी आली, खाली वाळूत कलिंगडांच्या वाड्या होत्या, आणि मालनबाईला एकदम वाटलं की आपणच नयना आहोत. वेणी घातलेली, स्लेटपाटी घेतलेली, ओवरीच्या आत बसलेली. तिचं तिलाच हसू आलं. म्हातारपण दाराशी आलं आणि बाई नाव निवडायला निघाली! पण हसू आलं तरी तो भास तिनं पूल संपेपर्यंत मोडला नाही.

दौंडला स्टेशनाबाहेर एस.टी.तून पाऊल खाली टाकलं तोच डोक्यावरून निवृत्तीचा आवाज गेला. कुठलीशी मनमाडकडं जाणारी गाडी येत होती. मागच्या सालच्या संपात तो आवाज बंद होता, तेव्हा लोकांना चुकल्यासारखं झालं, असं तो सांगायचा. क्वार्टरच्या भिंतीवर कुटुंबनियोजनाचा लाल त्रिकोण रंगवला होता आणि त्याच्याखाली रंभा, तिची आई, ऊन खात बसली होती. म्हातारीनं तिला वरून खालून पाहिलं. "आलीस? उद्या नीट मोठ्यांदा म्हण. माझ्या कानावर आलं पाहिजे. नाव गुणाचं हाय. एकडाव लागू झालंय, पुन्यांदा हुईल." जुनं औषध घरात सापडावं तशी ती खूष होती. लेकीच्या तोंडावर आपण काय बोलतो आहोत, हे तिच्या मनाला शिवलंसुद्धा नाही. तेच मालनबाईला जास्त लागलं. मुद्दाम बोलणारं माणूस निदान आपण समोर आहोत हे धरून तरी बोलतं.

निवृत्ती ड्यूटीवरून आला, पाय धुतले, आणि बहिणीजवळ येऊन कुजबुजला. लाउडस्पीकर नसला की त्याचा आवाज फार बारीक होई. "आक्का, आईनं हट्ट धरलाय बघ. पण ते कसलं नाव गं? दोन पोरींची कशी बसलीत, नलिनी नवले, नंदिनी नवले. आन् ह्ये? त्या नावाला आडनावच लागत न्हाई." मग त्याला काहीतरी जाणवलं असावं. "म्हंजी जुन्या काळचं ते. तू दुसरं ठेवलंस तर ठेव. आईला मी बघतो. फकस्त न वरनं असू दे." ती म्हणाली, बरं. त्या नावाला आडनाव लागत नाही. तिनं ते वाक्य उचललं आणि मुकाट्यानं पोटात टाकलं. भावाचं आहे, चालतं. भावाचं आजवर सगळंच चाललं होतं.

संध्याकाळी निर्मलानं तिला बाळंतिणीच्या खोलीत बोलावलं. शेगडीचा धूर होता, ओव्याचा वास होता. निर्मला पार चिपाड झाली होती. "वन्सं, दार लावा," ती म्हणाली. "ह्या खेपेला मी गेलीच हुते. डाक्टरीण म्हणली, आता बास, न्हाईतर बाई हाताला लागायची न्हाई. आन् आत्याबाई, तुमच्या आई, म्हणत्यात नकुशी नाव ठिवायचं, म्हंजी पाठीवर पोरगा येतो. नाव ठिवलं म्हंजी फुडची खेप आलीच की माज्यावर. ह्यास्नी समदं कळतंय, पर आईफुडं त्वांड उघडत न्हाईत. लाउडस्पीकरवर तेवढं उघडत्यात." मालनबाईला हसू आलं. तिनं निर्मलाचा हात हातात घेतला आणि म्हणाली, "म्या ठरवूनच आलेय. नयना ठेवणार." निर्मला ते नाव दोन-तीनदा पुटपुटली आणि रडायला लागली. मालनबाईच्या जन्मात तिच्यामुळं कुणी असं रडलं नव्हतं. आत्ता या क्षणी आपण कुणाला तरी हव्या आहोत, असं तिला वाटलं, आणि ते खरंही होतं. निर्मलानं इथंच गप्प राहायला हवं होतं. पण उपकार फेडायच्या भरात माणूस नको तितकं बोलतं. "लई पुण्य लागंल तुमास्नी, वन्सं. आत्याबाई पोरींना गोष्टी सांगत्यात नव्हं तुमच्या. तुमी गोठ्यात कशा निजायच्या, समद्यांचं झाल्यावर तव्यातलं खरवडून कशा खायच्या. कुणी नाव इचारलं तर तुमीच हासून कशा सांगायच्या, 'म्या नको हाय' म्हणून. पोरी लोळूलोळू हसत्यात. मला लई वाईट वाटतं बगा तुमचं. माज्या लेकीचं तुमच्यासारखं व्हाया नगं, येवढंच."

"न्हाई व्हायचं," मालनबाई म्हणाली आणि हात सोडवून बाहेर आली.

नलिनी आणि नंदिनी ओट्यावर सागरगोटे खेळत होत्या. आत्याला बघून एकीनं दुसरीला कोपरानं ढोसलं. आजवर हे तिनं कितीदा पाहिलं होतं आणि पोरी लाजतात असं समजत होती. म्हणजे नकुशी निमोण्याला राहिलीच नव्हती. ती दौंडला, या क्वार्टरमध्ये, जेवणं झाल्यावर रोज पंगतीला बसत होती. आपण शिरूरला बिनफोडाचे पापड करत होतो, आणि इथं आपल्याला गोठ्यात निजवून, तवा खरवडायला लावून, पोरींना हसवत होते. आणि सून वाईट वाटून घेत होती! हसणाऱ्यांचं एक वेळ सोसवलं असतं. म्हातारीचा तर राग येण्याइतकीही ओळख उरली नव्हती. पण ही कवठ्याची चिपाड बाई, जिला स्वतःचं ताईबाई हे नावसुद्धा राखता आलं नाही, जी पदर पसरून आपल्यापाशी आली, ती आपली कीव करते. आपलं नाव, आपलं घर, सायकलचं दुकान, पिंपरीतला मुलगा, सगळं पाहून तिला आपल्यात दिसलं काय, तर लेकीला चुकवायची एक गत. रात्रभर मालगाड्यांचे डबे एकमेकांवर आदळत राहिले. मालनबाईनं नयना म्हणून पाहिलं. नाव तसंच गोड होतं, पण आता त्यात ती स्वतः नव्हती. तिथं दुसरीच मुलगी वेणी घालून बसली होती आणि तिच्याकडं बघून हसत होती.

दुसऱ्या दिवशी बारसं झालं. रेल्वेच्या वस्तीतल्या बाया जमल्या. पाळणा पितळी घागरीशेजारी टांगला होता, घुगऱ्यांची परात भरली होती. रीतीप्रमाणं आधी वरवंट्याला सजवलं. रंभानं नरेशसाठी म्हणून शिवून ठेवलेलं जरीकाठी टोपरं पेटीतून काढलं आणि ते वरवंट्याला घातलं. दगडाला ते बेतशीर बसलं. बायांनी त्याला पाळण्याखालून वर, वरून खाली असं फिरवून निजवलं, मग मुलीला फिरवून त्याच्याशेजारी ठेवलं. तिच्या डोक्याला नलिनीचं जुनं फडकं होतं. निर्मला भिंतीला टेकून बसली होती. तिचे डोळे मालनबाईच्या तोंडावर खिळले होते, आणि त्यात विश्वास होता. तोही बघवेना.

मालनबाई पाळण्यात वाकली. मुलीच्या अंगाला वेखंडाचा वास होता. कान एवढासा, कडेला अजून लव असलेला. कुर्रर्र केलं तशी मुलीनं पापण्या हलवल्या. नयना हे नाव मालनबाईच्या ओठांवर आलेलं होतं, नुसतं श्वासाबरोबर सोडायचं होतं. तेव्हा तिला कळलं की आपल्याला हेवा वाटतो आहे. बारा दिवसांच्या पोरीचा. हिच्यासाठी कुणीतरी दार लावून रडलं. हिच्यासाठी हिची आई दुसऱ्या बाईच्या पाया पडायला तयार होती. आपल्या वेळेला आत्या नव्हती का? होती. जाईबाई आत्या. तीही अशीच वाकली असणार, तिच्याही तोंडात दुसरं एखादं नाव असणारच, आणि तरी तिनं सांगितलं ते सांगितलंच. तुमच्यासारखं व्हाया नगं. का नको? आपल्यासारखं म्हणजे काय असतं, ते एकटीनंच का जाणावं? कानात तिनं सांगितलं. मग ताठ उभी राहून, म्हातारीच्या कानावर जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाली, "नकुशी."

बाया हसल्या आणि रीतीप्रमाणं आत्याच्या पाठीत धपाटे घालायला धावल्या. रंभानंही उठून एक घातला, आणि कधी नव्हे तो हात क्षणभर पाठीवर तसाच ठेवला. "गुणाची माझी बाय," ती म्हणाली. इतक्या वर्षांनी तो हात पुन्हा आला होता, गुळासारखा. मालनबाईनं डोळे मिटले. एवढ्यात निर्मला भिंतीला धरून उठली. बाया म्हणाल्या, अगं बाळंतीण तू, बस की. ती पाय ओढत आली आणि तिनं मालनबाईच्या पाठीत, दोन्ही खांद्यांच्या मधोमध, अंगात होतं नव्हतं ते सगळं बळ लावून गुद्दा घातला. आणि दुसरा. आणि तिसरा. वन्संचा श्वास कोंडला. बायांना वाटलं, भावजय कौतुकानं रीत पाळते आहे. परात हलली, घुगऱ्या सांडल्या, हसून हसून सगळ्यांची मुरकुंडी वळली. निर्मलाचे डोळे कोरडे होते. मग ती जाऊन पुन्हा भिंतीपाशी बसली.

तेवढ्यात निवृत्ती ड्यूटीवरून आला. कपाळावर टोपीचा वळ होता. "काय ठेवलं?" त्यानं दारातूनच विचारलं. रंभानं सांगितलं तसं त्याचं तोंड पडलं. बहिणीकडं त्यानं नाराजीनं पाहिलं. पण सवय सुटते थोडीच! त्यानं एका कानावर तळहात ठेवला, घसा साफ केला आणि गाडी पुकारावी तशा त्या भरल्या, गोड आवाजात म्हणाला, "नकुशी नवले." थांबला. भुवया वर गेल्या. पुन्हा म्हणाला, "नकुशी नवले." त्याचा चेहरा हळूहळू उजळला. "अगं आक्का, बसतंय की! काय जुळलंय! आजवर कसं ध्यानात आलं न्हाई?" आणि त्यानं तिसऱ्यांदा, मास्तर म्हणायचे तसं, एका दमात ते पूर्ण नाव पुकारलं.

पाळण्यातली मुलगी दचकून रडायला लागली. कुणी उठलं नाही. मालनबाईच्या हातात कुणीतरी घुगऱ्या दिल्या होत्या. तिच्या पाठीत कळ उठत होती आणि तोंडात एक शब्द आला होता, जो ओवरीच्या पायरीवर बसून तिनं रोज ऐकला होता आणि कधीच म्हटला नव्हता. हजर. मुलगी रडतच होती. मालनबाईनं घुगऱ्यांची मूठ तोंडात घातली आणि तो शब्द त्यांच्याबरोबर गिळून टाकला.